चबुतऱ्यावरची एक खोटी ओळ

आमच्या भिलाईच्या मुक्तिधामात चाफ्याच्या झाडाखाली माझ्या बाबांचा चबुतरा आहे, आणि त्यावर कोरलेली एक ओळ धादांत खोटी आहे. 'किसी के देहांत के दिन वे अन्न का एक दाना भी ग्रहण नहीं करते थे.' काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं आहेत, खाली समितीचं नाव आहे. मी तिथं जाते तेव्हा आधी ती ओळ वाचते, मग आजूबाजूला कोणी नाही ना ते बघते आणि मनसोक्त हसून घेते. स्मशानात एकट्या बाईनं हसावं हे अजूनही लोकांना झेपत नाही. एकदा एक गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन धावत आले होते. ही ओळ तिथं कशी आली ते सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं.

त्या काळी छत्तीसगड नवंनवं राज्य झालं होतं आणि जो तो काहीतरी स्थापन करण्याच्या मागे लागला होता. आमच्या मुक्तिधाम समितीचे अध्यक्ष वर्माजी हे फार उत्साही गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की नवा प्रदेश म्हटला की आपले महापुरुष पाहिजेत, आणि महापुरुष म्हटले की त्यांना एका जागी बसवलं पाहिजे. त्यांनी मुक्तिधामाच्या मागच्या बाजूची झुडपं काढली, चाफे लावले, फरशीची पायवाट केली आणि कमानीवर 'गौरव वाटिका' असं लिहून घेतलं. वाटिका तयार झाली, पण त्यात ठेवायला महापुरुष कुठून आणायचे? भिलाई म्हणजे पोलादाच्या कारखान्यासाठी, आमच्या भाषेत प्लांटसाठी, साऱ्या देशातून येऊन बसलेलं गाव. तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, आम्ही विदर्भातले मराठी, आणि मूळचे छत्तीसगढी तर होतेच. प्रत्येकाला वाटे, पहिला चबुतरा आपल्या माणसाचा व्हावा. थोर माणूस कोण, हे ठरवायचा वर्माजींकडे एकच मार्ग होता. चितेजवळच्या श्रद्धांजली सभेत ज्याच्यासाठी लोक जास्त रडले तो थोर. आणि लोकांना रडवण्याचं काम आमचे बाबा करत होते.

आमच्याकडे अशी रीत की चितेला अग्नी दिला की लगेच घरी निघायचं नाही. तिथंच पत्र्याच्या शेडखाली उभं राहून चार जणांनी बोलायचं, मग दोन मिनिटं मौन आणि मग पांगायचं. बाबा प्लांटच्या ट्रेनिंगमध्ये पोरांना शिकवायचे, म्हणून सारं गाव त्यांना गुणवंत सर म्हणे. रिटायर झाल्यावर शिकवायला पोरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी आपला आवाज मुक्तिधामाला वाहिला. आधी फक्त मराठी मंडळाच्या मयतीत बोलत, मग बंगाल्यांनी बोलावलं, मग तेलुगू लोकांनी. शेवटी अशी वेळ आली की सरांचं भाषण झाल्याशिवाय माणूस नीट मेल्यासारखं कोणाला वाटेना. आज वाटिकेत पहिल्या ओळीत जो पैलवान आहे, तो आयुष्यभर प्रत्येक दंगलीत शेवटच्या कुस्तीत पडला होता. बाबांनी त्याला 'मिट्टी का सच्चा बेटा' केलं. त्याच्या शेजारचे होमिओपॅथीचे डॉक्टर साऱ्या दुखण्यांवर एकाच बाटलीतल्या गोळ्या देत. बाबांनी त्यांना 'एकाग्र साधक' म्हटलं. वाटिकेचा हा खरा इतिहास आहे आणि तो कमानीजवळच्या माहितीफलकावर नाही.

पण बाबा नुसते थापा मारत नव्हते. त्यांचा एक नेम होता. प्रेत घरातून निघण्याआधी ते त्या घरी जात, कोपऱ्यात बसलेल्या सुनेला नाहीतर नातीला हळूच विचारत, "माय, त्यायची एखादी गोष्ट सांग. मोठी नको सांगू, लहानशी सांग." आणि भाषणात कितीही फुगवलं तरी मधोमध ती एक गोष्ट जशीच्या तशी ठेवत. डॉक्टरांच्या बाबतीत ती अशी, की रडणाऱ्या पोराला ते मूठभर गोळ्या जास्तीच्या देत, कारण गोळ्या गोड असतात एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. ते ऐकल्यावर डॉक्टरांची बायको जी हमसाहमशी रडली म्हणतात, ती थोरपणाच्या कुठल्याही वाक्याला रडली नव्हती. "बाकी सारं तूप असते," बाबा मला म्हणत. "तूप वाढाव लागते. पण खाली भात पाहिजे न बापा."

आमचं घर म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, एका सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे आंगण, आंगणात आईची कढीपत्त्याची आणि कडुलिंबाची झाडं. दिवस प्लांटच्या भोंग्यावर चाले. भोंगा झाला की आई कुकर लावी, दुसरा झाला की वरणाला फोडणी देई. उन्हाळ्यात कूलरची घरघर इतकी की टेलिफोन वाजला तर आम्हाला तो पाण्याच्या पंपाचा आवाज वाटे. टेलिफोन वाजला की बाबा उचलत, "अरे रे" म्हणत आणि आत येऊन पांढरा सदरा मागत. आई ओळखायची. "कोण गेलं?" एवढं विचारायची आणि लगेच मागच्या दारात गरम पाण्याची बादली, साबण आणि कडुलिंबाची डहाळी मांडून ठेवायची. ती शेजारच्या दुर्ग गावच्या जुन्या घरातली, तिच्या माहेरी सोवळं-ओवळं फार. मयतीवरून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय तिच्या चौकटीला हात लावू शकत नसे. कपडे बाहेर भिजवायचे, कडुलिंबाचं पान चावायचं, आणि त्याआधी तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. प्लांटचा भोंगा चुकला असता, पण आईची बादली कधी चुकली नाही.

आंघोळ करून बाबा आत येत, पाटावर बसत आणि ताट समोरून सारत. "नको. मन नाही लागून राहिलं. मयतीवरून आलं की माझ्या गळ्याखाली घासच उतरत नाही." आई ताट उचलून नेई. हे शेजारपाजारच्या बायांनी पाहिलं होतं, त्यांनी आपापल्या नवऱ्यांना सांगितलं होतं आणि असं करत साऱ्या सेक्टरभर झालं होतं की सरांचं काळीज फार हळवं आहे, परक्याच्या मरणालाही दिवसभर उपाशी राहतात.

खरी गोष्ट मला ठाऊक होती, कारण स्कूटर मी चालवत होते. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली. दादा नोकरीला पुण्याला. मी तेव्हा कॉलेजात होते. आई म्हणाली, पोरगी स्मशानात कशी जाईल? बाबा म्हणाले, आत नाही जाणार, गेटच्या बाहेर उभी राहील. तशी मी गेटबाहेर उभी राहू लागले. बायकांनी आत जायचं नाही हा नियम कोणी कुठे लिहिला नव्हता, पण पाळत सगळे. गेटसमोर करंजाच्या झाडाखाली सुकवारो बाईची टपरी होती. जाड हातांची, मोठ्या आवाजाची छत्तीसगढी बाई, कढई सदा तापलेली. तिचे आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, पण आकारानं लहान पेरूएवढे आणि आत हिरवी मिरची ठेचून घातलेली. मौन संपलं की बाबा गेटमधून गंभीर चेहऱ्यानं बाहेर येत, चार लोकांना हात जोडत, लोक पांगेपर्यंत माझ्या खांद्याला धरून उभे राहत. मग मागच्या बाकावर बसत. सुकवारो बाई विचारी, "का सर, आज काकर पारी रिहिस?" आज कोणाची पाळी होती? बाबा नाव सांगत, ती कानाला हात लावी आणि गरम आलूगुंडे पानावर टाकी. आंघोळ नाही, लिंबाचं पान नाही, हातावर अजून चितेची राख. बाबा एकामागून एक खात आणि वर चहा पीत. "आईले सांगजो नको," ते दर वेळी म्हणत. मी माझ्या वाट्याचा खाऊन तोंड पुसे आणि मान हलवी. भूक लागते हो माणसाला. जळत्या चितेसमोर तासभर उभं राहून तर फारच लागते.

बाबांच्या मनात एक इच्छा होती, आणि ती त्यांनी चुकूनही कोणाला सांगितली नसती, पण टपरीवर चहा पिताना त्यांची नजर भिंतीवरून वाटिकेकडे जाई. चाफ्याच्या झाडाखाली एक जागा रिकामी होती. "सावली चांगली आहे तिथं," ते म्हणत. एकदा म्हणाले, "साऱ्यायले मी बसवलं तिथं. मले कोण बसवन?" मी हसून म्हटलं, तुम्ही आधी मरा तर खरं. ते हसले नाहीत. आपल्यासाठी बोलणारा कोणी नाही, ही गोष्ट त्यांना खरोखर लागली होती. चार जणांना बोलायला शिकवायचं राहून गेलं, असं ते म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बोरसी वस्तीत वासुदेवराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ वारले. रेल्वेतून रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलेले, मंडळात त्यांना धड कोणी ओळखत नव्हतं. आम्ही सकाळी त्यांच्या घरी गेलो. बाबांनी सुनेला गोष्ट विचारली, तिनं पदराआडून सांगितली, बाबांनी डोळे मिटून ती मनात ठेवली. प्रेतयात्रा पुढे निघाली, आम्ही स्कूटरवर मागून निघालो आणि अर्ध्या रस्त्यात मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्यानं स्कूटर रस्त्याच्या कडेला आडवी पाडली, जशी पाडतात, आणि चाक काढून मागे पाण्याच्या टाकीशी घेऊन गेला. आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. तेवढ्या वेळात मंडळाचे एक सभासद बसमधून गेले. त्यांनी खिडकीतून पाहिलं, सरांची स्कूटर रस्त्यात आडवी पडली आहे आणि सर कुठे दिसत नाहीत.

पंक्चर निघालं तेव्हा बराच उशीर झाला होता. टपरीजवळ पोचलो तर बाबा म्हणाले, "पाच मिनिटं थांब. लाकडं रचायाले वेळ लागते." सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. आजवर कधी आधी खाल्लं नव्हतं, नेहमी नंतर. त्यांनी पहिला आलूगुंडा फोडला आणि तेवढ्यात आतला लाऊडस्पीकर खरखरला. वर्माजींचा आवाज होता आणि तो रडवेला होता. "आज हमारे बीच से गुणवंत सर भी चले गए."

सुकवारो बाईच्या हातातला झारा कढईत पडला. बाबांनी हातातल्या घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आत काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं. बसमधल्या सभासदानं सांगितलं की स्कूटर पडलेली दिसली. दुसरा म्हणाला, म्हणजे अपघात. सर आजवर एकाही मयतीला चुकले नाहीत आणि आज माइकसमोर नाहीत, याचा अर्थ एकच होता. दोघं जण हॉस्पिटलकडे धावलेही. पण वर्माजींना इतकी वर्षं बाबांपुढे माइक मिळाला नव्हता, त्यांना धीर धरवला नाही.

"बाबा, चला न आत," मी म्हटलं.

"थांब बे. आयकू दे."

त्यांनी अजून चटणी मागितली. वर्माजींनी त्यांना महासागर म्हटलं, हिमालय म्हटलं. बाबा मान डोलावत खात होते. मग वर्माजी म्हणाले, किसी के देहांत के दिन वे अन्न का एक दाना भी ग्रहण नहीं करते थे, आणि बाबांना असा ठसका लागला की मी पाठीवर थापा मारल्या. सुकवारो बाई तोंडात पदर कोंबून हसत होती. मग एक बंगाली गृहस्थ बोलले, मग मंडळाचे सेक्रेटरी. विशाल हृदय, निर्मल मन, कर्मयोगी. बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "हे तर मी पैलवानाले म्हटलं होतं," ते पुटपुटले. "हे डॉक्टरले. पोरी, यायच्यापाशी खास माह्यासाठी असा एकही शब्द नाही पाह्य." मग वर्माजी पुन्हा आले आणि म्हणाले की वाटिकेत चाफ्याच्या झाडाखालची जागा समितीनं सरांना द्यावी असा मी प्रस्ताव मांडतो. टाळ्या पडल्या. स्मशानात टाळ्या मी त्या दिवशीच ऐकल्या. आणि लगेच वर्माजी म्हणाले, अब दो मिनट का मौन, उसके बाद सब जा सकते हैं.

बाबा उठून उभे राहिले. "आन् वासुदेवराव?" ते म्हणाले. "त्यायच्यासाठी कोणी बोललंच नाही."

आता आत गेलं तर चाफ्याखालची जागा गेली, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. दोन मिनिटं बाहेर बसून राहिले असते तर प्रस्ताव पास होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी सदऱ्याला हात पुसले, तेलाचे डाग पडले तसेच राहू दिले आणि मला म्हणाले, "हात दे. धुरात मले पायऱ्या दिसत नाहीत." मी म्हटलं, मी आत कशी येऊ? "जिवंत माणसाची पोरगी आहेस तू. चाल."

सारे लोक डोळे मिटून मौनात उभे होते, त्यामुळे आम्ही थेट माइकपर्यंत पोचलो. वर्माजींनी डोळा किलकिला केला, पांढऱ्या सदऱ्यातले बाबा पाहिले आणि शेजारच्याच्या गळ्याला मिठी मारली. कोणी किंचाळलं, कोणी रामराम म्हणत मागे सरकलं. "मौन जारी रखिए," बाबा माइकमध्ये म्हणाले, "मेरे लिए नहीं, इनके लिए." आणि मग अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत ते वासुदेवरावांबद्दल बोलले. त्या दिवशी तूप अजिबात घातलं नाही. ते एवढंच म्हणाले की हा माणूस रोज दुपारी शिफ्ट बदलते वेळी बस स्टॉपवर जाऊन बसे आणि ड्यूटीवर जाणाऱ्या एकेकाला, ओळख ना पाळख, "जपून जा बापा" म्हणे. लोक त्याला खुळा समजत. पण परवा तो दिसला नाही, तर बसच्या ड्रायव्हरनं बस थांबवून घरी चौकशी केली. बस, इतकंच. वासुदेवरावांचा मुलगा खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. शेडखाली उभे असलेले कितीतरी लोक प्लांटचे होते. त्यांच्यातले दोघं-तिघं मान खाली घालून म्हणाले, हां, हमको भी बोलते थे.

निघताना वर्माजी आले. अजून घाबरलेले होते. "सर, बुरा मत मानिए, पर वो प्रस्ताव... अब आप तो हैं." बाबा म्हणाले, रद्द करून टाका. वर्माजींनी क्षणभर विचार केला. "रद्द नहीं करते. स्थगित रखते हैं."

 परत येताना बाबा स्कूटरच्या मागून माझ्या कानाशी म्हणाले, "माह्या वेळेस तू बोलजो."

"मी? बायकांना कुठं जाऊ देतात?"

"गेलीस न आज. एकच गोष्ट सांगजो. खरी."

"कोणती?"

"ते तू शोध. मी सांगितली त मग ते माहंच भाषण होईन."

घरी बादली मांडलेलीच होती. बाबा आंघोळ करून आत आले, पाटावर बसले आणि ताट समोरून सारलं. "मन नाही लागून राहिलं." माझं हसू आवरेना, म्हणून मी मागच्या आंगणात जाऊन कपडे भिजवत बसले.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले आणि बऱ्याच जणांना वाटिकेत बसवत राहिले. माझं लग्न झालं, मी सासरी गेले, आलूगुंड्यांचा भाव वाढला. ते गेले तेव्हा मी आले आणि प्रेतामागे चालत मुक्तिधामात शिरले. दादा म्हणाला, तू आत कायले येतेस? मी म्हटलं, मले बाबायनं सांगितलं. आता आमच्याकडे पोरी सर्रास आत जातात, अग्नीही देतात, आणि बाकीचे लोक मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे होतात. तेव्हा मात्र साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मी माइक हातात घेतला. इतकी वर्षं शोधलं होतं, पण गोष्ट केव्हाची माझ्यापाशीच होती. मी म्हटलं, "माझे बाबा मयतीच्या दिवशी उपाशी राहत नसत. आंघोळीच्या आधी गेटबाहेर बसून आलूगुंडे खात. मलाही देत आणि आईला सांगू नको म्हणत." आधी कोणाचा विश्वास बसला नाही. मग गेटमधून सुकवारो बाईचा मोठा आवाज आला, "सही कहत हे नोनी!" पोरगी खरं सांगते आहे! आणि शेडखालचे सारे लोक चितेसमोर हसले. वर्माजी हसता हसता रडले. मीही रडले. बाबा गेल्याचं दुःख मला त्या हसण्यात पहिल्यांदा नीट झालं.

स्थगित प्रस्ताव पास झाला. पण दगड लिहायची वेळ आली तेव्हा वर्माजी म्हणाले, "बेटा, पत्थर पर आलूगुंडा कैसे खुदवाएँ?" आणि त्यांनी आपलं जुनं वाक्य कोरून घेतलं. मी हरकत घेतली नाही. तुपाला बाबांचीही हरकत नसे.

बाबांना पोचवून त्या दिवशी मुक्तिधामातून घरी आले तर मागच्या दारात बादली होती, साबण होता, लिंबाची डहाळी होती. आई पायरीवर बसली होती. कोणीतरी माझ्या आधी येऊन तिला सारं सांगितलं होतं. मी चौकटीबाहेर उभी राहिले.

"मले माहीत होतं," आई म्हणाली. "सदऱ्याले तेलाचा वास येत होता न. मीच त धूत होती. मयतीच्या दिवशी मी त्यायच्या वाट्याच्या पोळ्या टाकतच नव्हती. रिकामंच ताट दाखवो, वर एक कालची पोळी ठेवून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती त खाल्ले असते का त्यायनं?" तिनं डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. निघताना सुकवारो बाईनं त्यात कागदाची पुडी कोंबली होती, सर का हिस्सा म्हणून. पुडीतून तेल झिरपून पिशवीला डाग पडला होता. मी आंघोळ केली नव्हती, लिंबाचं पान चावलं नव्हतं. आईनं बादली पायानं बाजूला सरकवली, चौकटीवरून माझ्यापुढे हात केला आणि म्हणाली, "आण इकडे. थंडे होऊन राहिले."